आग आणि फट : घर गरम ठेवण्याच्या खर्चाचा इतिहास

आजचा विषय घरगुती आहे. थंड देशांत घर गरम ठेवायला जो खर्च येतो, तो कमी करण्यासाठी लोकांनी गेल्या चारेकशे वर्षांत काय काय केलं, ते आपण पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, पुण्यात किंवा नाशकात बसून आपल्याला याचं काय? पण ही व्याख्यानं लंडन, टोरांटो, न्यू जर्सीहून ऐकणारी मराठी मंडळीही आहेत, आणि त्यांच्या घरखर्चात हिवाळ्यातलं गॅसचं बिल हा काही छोटा आकडा नसतो. शिवाय या विषयात इतिहासाच्या साधनांबद्दलची एक गंमत दडलेली आहे. तिथूनच सुरुवात करू.

घर गरम करण्याचा इतिहास लिहायला बसलं की कागद सापडतात ते आगीचे. इंग्लंडमध्ये १६६२ साली पार्लमेंटने शेकोटीवर कर बसवला. घरातल्या प्रत्येक शेकोटीमागे वर्षाला दोन शिलिंग, दोन हप्त्यांत. कर गोळा करणारा माणूस थेट घरात शिरून शेकोट्या मोजायचा, त्यामुळे लोकांना हा कर मनापासून नकोसा होता. काही जण तर विटा लावून शेकोट्याच बुजवून टाकायचे. १६८९ साली राजा बदलला तेव्हा नव्या राजाने लोकांना खूश करायला हा कर काढून टाकला. पण त्या सत्तावीस वर्षांतल्या काही याद्या शिल्लक राहिल्या, आणि आज इतिहासकार त्यांच्यावरून गावातली घरं किती, श्रीमंत कोण, गरीब कोण, याचा अंदाज बांधतात. आपल्याकडे भाऊ वेगळा झाला की ‘त्याने वेगळी चूल मांडली’ म्हणतो ना, तसाच हिशोब. चूल म्हणजे घर.

आता बघा, या याद्यांत शेकोट्या सापडतात. पण दाराखाली किती फट होती, छपरातून किती वारा यायचा, भिंत किती जाड होती, हे कुठेच सापडत नाही. फटीवर कुणी कर लावला नाही, म्हणून फटीची नोंद नाही. आणि घराचा इंधनखर्च ठरतो तो मुख्यतः फटींनी आणि भिंतींनी. आज आम्हाला जे मांडायचंय ते एवढंच आहे : या खर्चात जिथे खरी बचत झाली, तिथे ती आग सुधारून कमी आणि उष्णतेची बाहेर पडायची वाट अडवून जास्त झाली. आणि ही वाट अडवणं बिल भरणाऱ्या माणसाच्या हातात अनेकदा नव्हतंच.

धुराड्यापासून सुरू करू. विल्यम हॅरिसन नावाचा एक पाद्री एसेक्स परगण्यात राहायचा. १५७७ साली छापलेल्या इंग्लंडच्या वर्णनात तो सांगतो की गावातले म्हातारे लोक, आपल्या हयातीत काय काय बदललं ते सांगताना, धुराड्यांची वाढलेली संख्या आवर्जून सांगतात. त्याआधी साध्या घरात मधोमध आग असायची आणि धूर छपराच्या भोकातून जाईल तसा जायचा. त्या धुराने छपराचं लाकूड टिकाऊ होतं असं लोक मानत. आपल्याकडे कौलारू घरातली जुनी माणसंही धुराने वासे किडत नाहीत असं सांगतातच की. धुराडं आलं आणि डोळे चुरचुरायचे थांबले, वर माडी बांधता आली. पण त्याबरोबर दुसरंच एक संकट आलं. आग भिंतीत गेली आणि तिच्या डोक्यावर एक मोठी नळी उघडी राहिली. ती नळी धुराबरोबर खोलीतली गरम हवाही सतत वर खेचते. जेवढी हवा वर जाते, तेवढी थंड हवा दाराखिडक्यांच्या फटींतून आत येते. म्हणजे आग जितकी मोठी कराल, तितका पाठीमागून गार वारा जास्त. तोंड भाजतंय आणि पाठ गारठतेय, हे युरोपातल्या हिवाळ्यांचं दोनेकशे वर्षांचं रडगाणं आहे.

यावर डोकं चालवणाऱ्यांत बेंजामिन फ्रँकलिन हे प्रसिद्ध नाव. १७४४ साली त्याने आपल्या नव्या लोखंडी शेकोटीवर पुस्तिका काढली. शहरांजवळचं जंगल तुटलं आहे, पूर्वी दारात मिळणारं लाकूड काही ठिकाणी शंभरेक मैलांवरून आणावं लागतं, आणि त्याचा खर्च हा घरखर्चातला मोठा भाग झाला आहे, ही तक्रार त्यात आहे. पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरने पेटंट देऊ केलं, त्याने ते नाकारलं. इथपर्यंतची गोष्ट सगळीकडे सांगतात. ती शेकोटी मुळात नीट चालत नव्हती, हे मात्र कमी सांगतात. धूर खाली वळवून मग वर न्यायची तिची रचना होती, आणि आग थोडी मंदावली की धूर खोलीत. पुढे इतरांनी ती सुधारली, नाव फ्रँकलिनचंच राहिलं.

आम्हाला खरा महत्त्वाचा वाटतो तो दुसरा बेंजामिन, बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. माणूस मोठा विचित्र. जन्म १७५३ चा, मॅसॅच्युसेट्समधला. अमेरिकन क्रांतीत इंग्रजांच्या बाजूने, त्यांना बातम्या पुरवणारा, बायको-मुलगी मागे टाकून पळालेला. मग बव्हेरियात जाऊन तिथल्या राजाच्या पदरी लष्कर सुधारणारा. म्युनिकमध्ये भिकाऱ्यांना पकडून कामाला लावणारा, आणि त्यांना कमीत कमी खर्चात पोटभर सूप कसं द्यायचं याचं गणित मांडणारा. तोफांची भोकं पाडताना धातू इतका तापतो कसा, यावरून उष्णता ही वस्तू नसून हालचाल आहे असं १७९८ मध्ये मांडणाराही हाच. पुढे लाव्हाझियेच्या विधवेशी लग्न केलं, तेही फार दिवस टिकलं नाही. असो.

रम्फर्डने सैनिकांचे कपडे तपासताना एक गोष्ट हेरली होती. लोकर किंवा फर ऊब देते ती स्वतःच्या गुणाने कमी, आणि तिच्यात अडकून राहिलेल्या हवेमुळे जास्त. हवा हलली नाही तर उष्णता सहज जात नाही. गोधडीचं तत्त्व हेच. उष्णतेवरच्या कामासाठी त्याला १७९२ चं कॉप्ली पदकही मिळालं. म्हणजे भिंतीत न हलणारी हवा कोंडली की घर गरम राहील, हे समजायला लागणारं ज्ञान अठराव्या शतकातच हाताशी होतं. ते भिंतीत जायला आणखी पावणेदोनशे वर्षं लागली!

भिंतीऐवजी त्याने हात घातला तो शेकोटीला. १७९६ साली त्याचा निबंध आला. सांगणं सोपं होतं. शेकोटी खोल नको, उथळ करा. बाजूच्या भिंती सरळ आत न नेता तिरक्या करा, म्हणजे उष्णता खोलीकडे फेकली जाईल. आणि धुराड्याचा घसा आवळा, साधारण चार इंचांवर आणा. म्हणजे धूर जाईल, पण खोलीतली गरम हवा भसाभसा जाणार नाही. गवंड्याला हे काम थोड्या विटांत करता यायचं. त्यानेही पेटंट घेतलं नाही. लंडनमध्ये शेकडो धुराडी दुरुस्त झाली आणि त्याची इतकी चलती झाली की जेन ऑस्टेनच्या ‘नॉर्थँगर ॲबी’मध्ये भुताटकीच्या वाड्याची स्वप्नं पाहणाऱ्या नायिकेला तिथे रम्फर्डची आटोपशीर शेकोटी दिसते आणि तिचा विरस होतो.

इथे आपला बंब आठवतो का पहा. तांब्याचा बंब, मधून नळी, खाली जाळी, नळीभोवती पाणी. ढलप्या, चिपाडं, काय असेल ते नळीत टाकायचं. धूर त्या नळीतून वर जातो, पण जाताना भोवतालच्या पाण्याला उष्णता देऊन जातो. बादलीभर पाण्याला मूठभर जळण पुरतं ते यामुळे. तीन दगडांच्या चुलीवर हंडा ठेवून पहा, किती सरपण लागतं! स्वीडनमध्ये १७६७ साली, लाकूड कमी पडायला लागलं म्हणून, क्रोन्स्टेट आणि व्रेडे या दोघांनी टाइल्सची उंच भट्टी तयार केली. तिच्यात धुराला विटांच्या पोटातून वर-खाली फिरवत नेलं होतं. दिवसातून एकदोनदा जाळ करायचा आणि विटा तासन्‌तास गरम. तत्त्व बंबाचंच : उष्णता बाहेर पडायच्या आधी तिच्याकडून काम करून घ्यायचं.

मग इंग्लंडमध्ये उघड्या शेकोट्या विसाव्या शतकापर्यंत का टिकल्या? कारण साधं आहे. कोळसा मुबलक होता. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ साली ‘द कोल क्वेश्चन’मध्ये दाखवलं की वाफेची यंत्रं काटकसरी झाली म्हणून कोळशाचा खप घटला नाही, उलट वाढला. वापर स्वस्त झाला की माणसं जास्त वापरतात. हा युक्तिवाद आज घरांनाही लावला जातो, आणि तो पूर्ण चूक नाही. पण एक लक्षात घ्या. एकाच खोलीत कुडकुडत बसणारं कुटुंब घर बंदिस्त झाल्यावर दोन खोल्या गरम करायला लागलं, तर इंधन फारसं कमी होत नाही. कागदावर योजना फसली असं दिसतं. आम्हाला तसं वाटत नाही. त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

स्वस्त कोळशाची किंमत शेवटी दुसऱ्याच मार्गाने वसूल झाली. ५ ते ९ डिसेंबर १९५२, लंडनवर धुक्याचं झाकण बसलं आणि लाखो घरांच्या धुराड्यांचा धूर त्याखाली कोंडला. त्या वेळचा अंदाज चार हजार मृत्यूंचा होता, नंतरच्या अभ्यासकांनी तो बारा हजारांपर्यंत नेला. १९५६ मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला, शेकोट्या बदलायला अनुदान मिळालं, हळूहळू गॅस आला. आग बदलली. भिंती तशाच.

भिंतींकडे जगाचं लक्ष गेलं ते ऑक्टोबर १९७३ नंतर. पश्चिम आशियातलं युद्ध, तेलाची नाकेबंदी, आणि तीन डॉलरच्या आसपास असलेलं पिंप जानेवारी १९७४ पर्यंत साडेअकरा डॉलरच्या वर. त्या काळातलं जे चित्र सगळ्यांना आठवतं, ते अध्यक्ष कार्टर यांचं. फेब्रुवारी १९७७ मध्ये स्वेटर घालून ते दूरदर्शनवर आले आणि घरातलं तापमान दिवसा ६५ अंश फॅरनहाइट, रात्री ५५ ठेवा म्हणाले. म्हणजे आपल्या अंशांत साधारण १८ आणि १३. लोकांच्या मनात ऊर्जाबचत म्हणजे गारठून बसणं, हे समीकरण तिथे पक्कं झालं. आमच्या मते याने बचतीच्या विचाराचं नुकसानच केलं. कारण त्याच वर्षांत दोन ठिकाणी वेगळंच काही सापडत होतं.

पहिलं ठिकाण न्यू जर्सीतलं ट्विन रिव्हर्स. प्रिन्स्टन विद्यापीठाजवळची नवी वसाहत, एकाला एक लागून एकाच नकाशाची घरं. विद्यापीठातल्या गटाने १९७२ पासून, म्हणजे तेलसंकटाच्याही आधीपासून, या घरांचा अभ्यास सुरू केला होता. पहिली गोष्ट कळली ती अशी की अगदी सारख्या घरांत गॅसचा वापर दुपटीहून जास्त फरकाने वेगळा असतो. घरात राहणारे बदलले की वापरही बदलतो. म्हणजे माणसांच्या सवयींना महत्त्व आहे, यात वाद नाही.

पण दुसरी गोष्ट जास्त मोलाची. पोटमाळ्याच्या जमिनीवर उष्णता रोखणारा थर घातलेला होता. गणिताप्रमाणे पोटमाळा हिवाळ्यात जवळजवळ बाहेरच्याइतका थंड असायला हवा. तो निघाला उबदार. उष्णता गणितापेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात वर जात होती. कशी? दोन घरांमधली सामाईक भिंत पोकळ ठोकळ्यांची होती, आणि बॉयलरच्या धुराड्याभोवतीही मोकळी जागा सोडलेली होती. तळघरातली गरम हवा या पोकळ्यांतून, त्या थराला वळसा घालून, सरळ पोटमाळ्यात पोचत होती. नकाशात ही वाट नव्हती. राहणाऱ्याला दिसत नव्हती, बिल्डरलाही नाही. शोधून, बुजवून, खिडक्या नीट करून एका घरावर प्रयोग केला, तर गरम करायला लागणारी ऊर्जा दोनतृतीयांशाने कमी झाली. घरात कुणालाही गारठवावं लागलं नाही. यातूनच ‘घराचा डॉक्टर’ ही कल्पना निघाली. मोठा पंखा दारात बसवून घरातली हवा खेचायची, आणि वारा कुठून येतो ते हाताने किंवा धुराच्या कांडीने शोधायचं.

दुसरं ठिकाण कॅनडातलं रेजायना. थंडी इथे उणे चाळीसला टेकू शकते. सस्कॅचेवान प्रांताच्या सरकारने संशोधकांना सांगितलं, आमच्या हवामानाला चालेल असं सौर घर बांधून दाखवा. हॅरल्ड ऑर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की ऐन हिवाळ्यात, जेव्हा गरज असते तेव्हाच, तिथे ऊन सगळ्यात कमी. मग आधी उष्णता जाऊच नये असं घर बांधू. १९७७ साली घर उभं राहिलं. एरवी चारेक इंचांची पोकळी असलेल्या लाकडी भिंती बांधायचे, इथे भिंत फूटभर जाड, छपराचा थर त्याहून जाड. आतून प्लास्टिकचा अखंड पडदा, एकही फट नाही. पण इतकं बंद घर कोंदट होणार, ओल धरणार. म्हणून बाहेर जाणारी शिळी हवा आणि आत येणारी ताजी हवा शेजारशेजारच्या पातळ थरांतून नेली. हवा मिसळत नाही, उष्णता मात्र एकीकडून दुसरीकडे जाते. घराला नेहमीची भट्टी बसवलीच नाही. गंमत म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मिळाले होते तो सौर भाग महागडा आणि कटकटीचा ठरला, तो पुढे काढून टाकला गेला. भिंती राहिल्या.

जर्मनीत डार्मस्टाट इथे वोल्फगांग फाइस्ट यांनी बांधलेल्या घरांत १९९१ मध्ये लोक राहायला आले, त्या ‘पॅसिव्हहाउस’ पद्धतीच्या मागे हा अनुभव होता. त्यांचं माप असं : एक चौरस मीटर जागा वर्षभर गरम ठेवायला जास्तीत जास्त १५ युनिट. शंभर मीटरच्या घराला वर्षाला दीड हजार युनिट, म्हणजे साधारण दीडशे लिटर तेलाइतकी ऊर्जा. अख्खा जर्मन हिवाळा!

मग सगळ्यांनी असंच का केलं नाही? काहींनी घाईत केलं आणि हात पोळले. कॅनडा सरकारच्या अनुदानातून हजारो भिंतींत एक रासायनिक फेस भरला गेला. त्यातून निघणाऱ्या वायूच्या तक्रारी आल्या आणि डिसेंबर १९८० मध्ये त्याच्यावर बंदी आली. ऑस्ट्रेलियाची गोष्ट त्याहून वाईट आहे. २००९ साली मंदीत रोजगार मिळावा म्हणून सरकारने घराघरांच्या छपरात थर घालायची योजना काढली. रातोरात कंत्राटदार उगवले, अनुभव नसलेली पोरं माळ्यावर चढवली. छपराखाली उन्हाळ्यात भट्टी असते, वीजेच्या जुन्या तारा असतात, आणि काही ठिकाणी चकचकीत धातूचा पत्रा पिनांनी ठोकत होते. चार तरुण कामगार मेले, तिघं विजेच्या धक्क्याने, एक उष्माघाताने. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद. काम अवघड नव्हतं, पण ते कुशल काम आहे हे कुणी मान्यच केलं नाही. ‘थर तर घालायचाय’ एवढीच त्याची किंमत.

डेन्मार्कने वेगळा रस्ता धरला. १९७३ साली त्यांची नव्वद टक्के ऊर्जा आयात तेलावर होती. नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद ठेवल्या, रिकाम्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन फिरले. पण खरं काम नंतर झालं. औष्णिक वीजकेंद्रात जळणाऱ्या इंधनातली निम्म्याहून जास्त उष्णता फुकट जाते. आपल्या कोराडी, चंद्रपूरच्या मनोऱ्यांवर जे पांढरे ढग दिसतात, ती हीच. आपल्याला ती नको असते, त्यांना हवी होती. कोपनहेगनला लागून असलेल्या फ्रेडरिक्सबर्गमध्ये १९०३ पासून कचरा जाळून इस्पितळ गरम केलं जायचं, म्हणजे अनुभव होताच. १९७९ च्या कायद्याने नगरपालिकांना अधिकार दिला : कुठल्या भागात गरम पाण्याचे नळ जातील हे ठरवायचं, आणि त्या भागातल्या घरांना जोडणी सक्तीचीही करायची. ही विक्री नफ्यासाठी नाही असंही ठरलं. सक्तीवर कुरकुर झाली, ती रास्तही होती, कारण एकदा जोडलं की दुसरा विक्रेता निवडता येत नाही. पण गल्लीतल्या निम्म्याच घरांनी जोडणी घेतली असती तर नळांचा खर्च कुणालाच परवडला नसता. त्याच काळात नव्या बांधकामाला भिंतींचे कडक नियमही लागू झाले. आज तिथली साधारण दोनतृतीयांश घरं या नळांवर आहेत.

आता सुरुवातीला म्हटलं त्या मुद्द्याकडे. भाडेकरू गॅसचं बिल भरतो, भिंत घरमालकाची. मालकाने खर्च केला तर बचत भाडेकरूची. भाडेकरूने केला तर तो निघून गेल्यावर फायदा मालकाचा. दोघंही हात बांधून बसतात आणि मधल्या मध्ये घर गळत राहतं. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली आपली मुलं जुन्या चाळीवजा घरांत राहतात, त्यांना हे सांगायला नको. खिडकीला बुडबुड्यांचं प्लास्टिक चिकटवणं, दाराशी कापडाची गुंडाळी ठेवणं, एवढंच त्यांच्या हातात. ते जरूर करावं, त्याने फरक पडतो. पण हीटरचा खर्च वाचवायला खोली थंड ठेवली आणि हवा खेळायच्या जाळ्याही बुजवल्या, तर भिंतीला बुरशी धरते आणि छाती धरते, हेही सांगायला हवं. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१८ पासून ठराविक प्रतीच्या खालचं घर नव्याने भाड्याने देता येत नाही. प्रत ठरवतात ए ते जी, आणि अट आहे ‘ई’ची, म्हणजे शेवटून तिसरी. शिवाय त्यातही सवलती आहेत.

गरिबांच्या घरी अनेकदा आधी पैसे भरायचा मीटर असतो. पैसे संपले की गॅस बंद. तो माणूस सरकारी नोंदीत थकबाकीदार म्हणून येत नाही, त्याची जोडणी तोडली असंही लिहिलं जात नाही. त्याने फक्त मीटरमध्ये पैसे टाकले नाहीत. चारशे वर्षांनंतरही कागदावर आगीचीच नोंद, गारठ्याची नाही.

२०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅस कडाडला, आणि ब्रिटनच्या सरकारने सरासरी घराचं वर्षाचं बिल अडीच हजार पौंडांच्या आसपास राहील असा दर बांधून दिला. वरचा फरक सरकारी तिजोरीतून. शिवाय प्रत्येक घराला चारशे पौंडांची सूट. लोकांना तो हिवाळा काढायचा होता, मदत करणं भागच होतं, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण तो पैसा जळून गेला. पुढच्या नोव्हेंबरात तीच माणसं त्याच खिडक्यांना पुन्हा प्लास्टिक लावत होती.

वेळ झाली आहे, इथे थांबतो. प्रश्न असतील ते घेऊ. मघाशी कुणीतरी बंबाबद्दल विचारत होतं, तिथून सुरुवात करू.